अण्णांच्या खिशातली किल्ली

वाचकाचं पत्र, थोडक्यात

मी ४१ वर्षांचा, पुण्यात नोकरी करतो. आई आणि अण्णा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमच्या बंगल्यात राहतात. अण्णा ७३ वर्षांचे आहेत. साखर कारखान्यात टाइम कीपर होते, कामगारांच्या हजेरीत आयुष्य गेलं. आमचं गेट बारा फुटी, लोखंडी, रुळावरून सरकणारं. मागच्या पावसाळ्यात ते लोटताना अण्णा घसरून पडले आणि मनगट मोडलं. म्हणून दिवाळीत मी गेटला मोटर बसवली आणि ते मोबाईलवरून उघडेल अशी सोय केली. अण्णांसाठी स्मार्टफोन आणला, तो अजून खोक्यात आहे. त्यांचा बटणांचा फोन काही सुटत नाही. मोटरबरोबर दोन रिमोट आले होते. एक माझ्या गाडीत असतो, दुसरा बायकोच्या पर्समध्ये.

मोटर मॅन्युअलवर टाकायची किल्ली अण्णांनी शर्टाच्या खिशात ठेवली आहे. रोज सकाळी ते मोटर सोडवतात आणि गेट हाताने लोटतात. कधी कधी रात्रीही ते तसंच राहतं, कुणीही ढकललं तर उघडेल असं. मी बोललो तर म्हणाले, "माझ्या घराचं गेट मी मोबाईलला विचारून उघडायचं का?" आई ॲप वापरते. ते अडकलं की मला फोन करते आणि मी इथून गेट उघडून देतो. गेट उघडलं की माझ्या फोनवर मेसेज येतो, तेवढाच जिवाला आधार. अण्णा हाताने उघडतात तेव्हा मला काहीच कळत नाही. मागे दोन दिवस एकही मेसेज नव्हता, मी हवालदिल झालो होतो.

माझे दोन प्रश्न आहेत. हट्टी माणसाला स्मार्टफोन शिकवायचा कसा? आणि गणपतीला घरी जाईन तेव्हा ती किल्ली काढून घेतली तर चालेल का?

उत्तर

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण गणपती फार लांब नाहीत. ती किल्ली काढून घेऊ नका. आत्ताही नको आणि पुढेही नको.

सरकत्या गेटच्या मोटरला एक दातेरी चाक असतं. गेटला आडवी दातेरी पट्टी लावलेली असते, तिच्यात ते चाक अडकून गेट ओढतं. किल्ली फिरवून कडी ओढली की चाक मोकळं फिरायला लागतं आणि गेट हाताने सरकवता येतं. वीज गेली, बॅटरी उतरली, मोटरच्या सर्किट बोर्डात पाणी शिरलं, तर आतल्यांना बाहेर पडायला आणि बाहेरच्यांना आत यायला तेवढी एकच वाट उरते. समजा, रात्री दोन वाजता आईंना दम लागला. १०८ ची गाडी बाहेर उभी आहे, पावसात लाइन गेलेली आहे, आणि किल्ली पुण्यात तुमच्या टेबलाच्या खणात. नुसतं डोळ्यांसमोर आणून बघा. मोटर बसवलेल्या किती घरांत ती किल्ली नेमकी कुठे आहे हे पटकन सांगता येईल? तुमच्या घरात ते सांगू शकणारा माणूस आहे, आणि किल्ली त्याच्या खिशातच आहे. मला तर हे ऐकून हायसं वाटलं.

आता अण्णांच्या पडण्याकडे येते. पत्रात त्यावर तुम्ही एकच ओळ लिहिली आहे आणि लगेच मोटरकडे वळला आहात. ते का घसरले, हे त्यांना कुणी विचारलं का?

हे विचारायला एक कारण आहे. मागच्या महिन्यात माझ्या मैत्रिणीकडे गेट दुरुस्त करायला मेकॅनिक आला होता. मला उत्सुकता होती म्हणून मी तिथेच थांबले. त्याने आधी मोटरकडे पाहिलंसुद्धा नाही. किल्ली लावली, मोटर सोडवली आणि एका हाताने गेट ढकललं. दोन-अडीच हात गेलं आणि कुरकुरत अडलं. "बाई, जे गेट हाताने पळत नाही ते मोटरने ओढायचं नसतं," तो म्हणाला. मग गुडघे टेकून त्याने स्क्रू-ड्रायव्हरने रुळातला मुरूम उकरायला घेतला. चिखल वाळून सिमेंटसारखा घट्ट बसला होता. पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलं होतं, हलवलं की त्यातून गंजाची पूड पडायची. चाक बदलल्यावर तेच गेट त्याच्या तळहाताच्या रेट्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. मग त्याने मोटरची पेटी उघडली. आत पालीची दोन पांढरी अंडी होती आणि बोर्डाच्या तारांवरून मुंग्यांची रांग चालली होती. बोर्ड शाबूत होता, पण आणखी एक पावसाळा काढला असता की नाही, देव जाणे.

लोखंडी गेट जड असलं तरी रूळ स्वच्छ आणि चाकं धड असतील तर म्हातारं माणूस ते सहज सरकवतं. जोर लावावा लागतो तेव्हा पाय मागे रेटले जातात, आणि पायाखाली जर शेवाळ धरलेली फरशी असेल तर माणूस पडणारच. मोटर आल्याने ती फरशी बदललेली नाही. अण्णा आजही तिथेच उभे राहून तेच गेट लोटतात. म्हणजे ज्या कारणाने मनगट मोडलं ते कारण, माझ्या अंदाजाने, अजून जागच्या जागी आहे. गणपतीला जाल तेव्हा पहिल्या दिवशी मोबाईल बाजूला ठेवा. मोटर सोडवून स्वतः एकदा गेट लोटून बघा. खराटा आणि ब्लीचिंग पावडर घेऊन शेवाळ काढा, खरबरीत फरशी बसवायला गवंड्याला सांगा, चाकं तपासून घ्या. फोनवरून कुणी काही उघडायचं की नाही, हा त्यानंतरचा विषय.

आणि त्याहून साधी एक गोष्ट. माणसाला बाहेर पडायला बारा फूट कशाला लागतात?

आपल्याकडच्या जुन्या वाड्यांना आणि किल्ल्यांना मोठ्या दरवाज्यातच एक लहान दरवाजा असायचा, दिंडी म्हणायचे त्याला. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा तुम्ही पाहिलाच असेल. अंबारीसकट हत्ती जाईल एवढा उंच, अणकुचीदार खिळ्यांचा, पण त्याच्या फळीत माणसापुरती दिंडी आहेच. रोजची ये-जा तिथून. मोठा दरवाजा मोठ्या कामाला. आपण बंगले बांधले, गाडी आत घ्यायला बारा-चौदा फुटी गेटं केली आणि दिंडी विसरलो. मग दुधाची पिशवी आत घ्यायलाही ते सगळं लोखंड हलवायचं.

तुमच्या गेटशेजारी कुंपणाच्या भिंतीत तीन फुटांचं छोटं गेट बसवता येईल का, हे पाहा. आतून कडी, बाहेरून कुलूप, मोटर नाही, ॲप नाही. अण्णांचं फिरायला जाणं, आईंची भाजी, कामाच्या मावशी, पेपरवाला, सगळे तिथून. मोटरचं गेट गाडीपुरतं. मोठ्या गेटच्या पत्र्यातच दार कापायचा मोह होईल, स्वस्तही पडेल. पण मग ते दार उघडं असताना मोटर सुरूच होऊ नये असा स्विच लावावा लागतो आणि पुढेमागे तो कुणीतरी काढून टाकतो. भिंतीत वेगळं दार हेच बरं. गावातला फॅब्रिकेटर आणि गवंडी मिळून दोन-तीन दिवसांत करतील. ते झालं की अण्णांना रोज मोटर सोडवावी लागणार नाही, आणि रात्री गेट मोकळं राहण्याची तुमची काळजीही बरीचशी मिटेल. ती काळजी रास्त आहे. अशा बहुतेक गेटांना वेगळं कुलूप नसतं, मोटरचा गिअरच गेट धरून ठेवतो. तो सोडवलेला असला की गेट नुसतं टेकवलेलं असतं.

आता फोनबद्दल. तुमचा समज असा दिसतो की गेट मोबाईलवर गेलं म्हणजे सगळ्यांनी मोबाईलच वापरायचा. तसं काहीच नाही.

ॲपचं बटण दाबल्यावर काय होतं ते बघा. अण्णा गेटपासून चार पावलांवर उभे आहेत. त्यांच्या बोटाचा हुकूम मोबाईलच्या टॉवरवर जातो. तिथून इंटरनेटवरून ॲपवाल्या कंपनीच्या सर्व्हरवर, जो परदेशातही असू शकतो. तिथून परत तुमच्या घरातल्या राउटरवर, राउटरवरून वायफायने गेटजवळच्या छोट्या पेटीत. राउटर घरात असतो आणि मधे दोन भिंती असतात. या साखळीतली एक कडी निखळली तर माणूस स्वतःच्या दारात उभा. आईंचं ॲप मधूनमधून अडकतं ते यामुळेच असणार. आणि एवढ्या प्रवासानंतर ती पेटी करते काय? मोटरच्या बोर्डावरची दोन टोकं क्षणभर एकमेकांना जोडते. आपल्या दारावरच्या बेलचं बटणही तेच करतं.

म्हणजेच त्या दोन टोकांवर साधं बटणही बसतं, ॲपची पेटीही बसते, मिस्ड कॉलवर गेट उघडणारं मशीनही बसतं (त्याबद्दल पुढे सांगते), आणि सगळी एकाच वेळी बसतात. एकाने दुसऱ्याला अडवायचं कारण नाही. इलेक्ट्रिशियनला सांगून व्हरांड्यात, जिथून पूर्ण गेट दिसतं अशा जागी, एक मोठं बटण बसवून घ्या. खर्च वायरीचा आणि बटणाचा.

रिमोट मात्र आजच्या आज परत द्या. हे मी जरा कडक शब्दांत लिहिते आहे, माफ करा. मोटरबरोबर दोन रिमोट आले आणि ते दोन्ही पुण्यात आहेत. त्या घरात राहणाऱ्या दोन माणसांकडे एकही नाही. तुम्ही हे जाणूनबुजून केलं नाहीत हे मला कळतं. गाडी तुम्ही आणता म्हणून रिमोट गाडीत राहिला, इतकंच. पण अण्णांच्या बाजूने पाहा. स्वतःच्या गेटचा रिमोट सुनेच्या पर्समध्ये, ॲप मुलाच्या नावावर, आणि आपल्या हातात काय, तर न समजणारा फोन. मग त्यांनी हाताला आलेली एकच वस्तू धरून ठेवली, ती किल्ली. स्वतःसाठी नवे रिमोट मागवताना ‘रोलिंग कोड’चे मागा. जुन्या पद्धतीच्या रिमोटचा कोड कायम एकच असतो आणि किल्ल्या करून देणाऱ्याकडे त्याची नक्कल होते. रोलिंग कोडचा रिमोट दर वेळी वेगळा कोड पाठवतो. रिमोट हरवलाच तर मेकॅनिककडून बोर्डाच्या आठवणीतून तो पुसून घ्यायचा, नुसता नवा घेऊन भागत नाही.

आणि अण्णांच्या बटणांच्या फोनवरूनही गेट उघडतं. मिस्ड कॉल देऊन. मशीनमध्ये एक सिम असतं आणि घरच्यांचे ठरावीक नंबर नोंदवलेले असतात. त्यातल्या नंबरवरून रिंग आली की मशीन फोन न उचलता कापतं आणि गेट उघडतं. कॉल उचललाच जात नाही, म्हणून पैसेही पडत नाहीत. अण्णांच्या फोनवर २ या आकड्याला तो नंबर लावून द्या. २ दाबून धरला की काम झालं. मिस्ड कॉल त्यांना तुम्ही शिकवायची गरज नाही, तुम्ही कॉलेजात असताना ‘पोचलो’ हे कळवायला त्यांनीच तुम्हाला तो द्यायला सांगितला असेल.

यात दोन अडचणी आहेत. स्वस्तातली बरीच मशीनं २जी वर चालतात आणि जिओचं नेटवर्क मुळातच ४जी चं आहे, तेव्हा ते सिम त्यात घालून उपयोग नाही. एक तर दुसऱ्या कंपनीचं सिम घ्या किंवा ४जी चं मशीन घ्या. दुसरं म्हणजे रिचार्ज. त्या सिमवरून कुणी बोलत नाही, म्हणून त्याची मुदत कधी संपली हे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि एके दिवशी रिंगच जात नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कंपन्यांना इंटरनेटशिवाय नुसत्या कॉल-एसएमएसचं रिचार्ज ठेवायला सांगितलं आणि अशा रिचार्जची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. वर्षाचं एकदम मारा आणि पाडव्यासारखा लक्षात राहणारा दिवस धरा. त्या सिमचा नंबर घराबाहेर कुणाला देऊ नका. समोरच्याला दिसणारा फोन नंबर खोटा दाखवण्याच्या युक्त्या असतात.

ही सगळी झाली यंत्राची बाजू. पत्रातल्या ज्या वाक्यापाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबले ते वेगळंच आहे. "गेट उघडलं की माझ्या फोनवर मेसेज येतो."

अण्णा टाइम कीपर होते. कोण किती वाजता आत आलं, कोण किती वाजता बाहेर गेलं, कोण उशिरा आलं, हे लिहिणं त्यांचं काम होतं. हजेरीपुस्तक म्हणजे काय हे त्यांच्याइतकं तुमच्या घरात कुणाला कळत नाही. आता त्यांच्याच गेटवर त्यांची हजेरी लागते आहे आणि पुस्तक पुण्यात आहे. तुम्ही कधी फोनवर सहज विचारलं असेल, "सकाळी सातला कुठे गेला होतात?" तुम्हाला ती चौकशी वाटली असेल, काळजीचीच असेल. पण ज्या माणसाने ते सांगितलंच नव्हतं त्याला प्रश्न पडतो, याला कसं कळलं? त्या दिवसापासून गेट हाताने लोटायला लागले असतील, तर मी त्याला हट्ट म्हणणार नाही.

त्या मेसेजचा आधारही तसा कच्चाच आहे. गेट सात वाजता उघडलं, एवढंच तो सांगतो. अण्णा बरे आहेत का, आईंनी गोळी घेतली का, ते त्यात नसतं. आणि मेसेज आला नाही की तुम्ही हवालदिल होता, जे त्या दोन दिवसांत झालं. त्या दोन दिवसांत तुम्ही घरी फोन केला होता का? पत्रात तसा उल्लेख नाही, म्हणून विचारते. माझं म्हणणं आहे, ती सूचना बंद करून टाका. आईंना आणि अण्णांना सांगून बंद करा, "आता मला गेटचा मेसेज येत नाही" असं स्पष्ट शब्दांत सांगा. त्याऐवजी एक वेळ ठरवा, संध्याकाळी बातम्या संपल्यावर म्हणा, आणि रोज पाच मिनिटं बोला. शेजारच्या घरी एका विश्वासातल्या माणसाचा नंबर घेऊन ठेवा आणि तसा तो घेतलाय हे अण्णांना सांगा. ॲपचं मुख्य खातं आईंच्या फोनवर, आईंच्या नावाने करा. तुम्ही त्यात पाहुणे म्हणून राहा. बहुतेक ॲपमध्ये अशी सोय असते.

पुण्याहून गेट उघडून द्यायची सवय तर मोडाच. यात मी तुमची समजूत काढत नाही, मला खरंच भीती वाटते. बऱ्याच बोर्डांना एकाच बटणाचा हिशेब असतो. एकदा दाबलं की उघडतं, पुन्हा दाबलं की थांबतं, पुन्हा दाबलं की मिटायला लागतं. तुम्ही बटण दाबता तेव्हा गेट कुठल्या अवस्थेत आहे आणि त्याच्या वाटेत कोण उभं आहे हे तुम्हाला दिसत नाही. २०१० साली ब्रिटनमध्ये एका आठवड्याच्या आत पाच आणि सहा वर्षांच्या दोन मुली विजेवर चालणाऱ्या गेटांमध्ये चिरडून गेल्या, एक मँचेस्टरला, एक वेल्समधल्या ब्रिजएंडला. त्यानंतर तिथे अशा गेटांच्या सुरक्षेवर सरकारी इशारे निघाले. आपल्याकडे, २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडला एक लहान मुलगी खेळताना सरकतं लोखंडी गेट अंगावर पडून गेली. त्या गेटला मोटर नव्हती. म्हणजे धोका मोटर यायच्या आधीपासून आहे, मोटरने फक्त त्यात ताकद भरली.

तुमच्या घरी सुट्टीत नातवंडं येत असतील. गेटच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याच्या उंचीवर, समोरासमोर बसवलेले दोन छोटे डोळे आहेत का ते बघा. त्यांना फोटोसेल म्हणतात. मधे काही आलं की मिटणारं गेट थांबून मागे फिरतं. गेट मिटत असताना लांब काठीने त्यांची वाट अडवून बघा, थांबायला हवं. डोळे बसवलेलेच नसतील तर त्याशिवाय ॲप वापरूच नका. अडथळ्याला टेकल्यावर मोटर किती जोर लावते तेही मेकॅनिककडून कमी करून घ्या. आणि रुळाच्या दोन्ही टोकांना पक्के अडसर आहेत ना, वरचे धरणारे रोलर घट्ट आहेत ना, हे त्याच्यासमोर उभं राहून तपासा. गेट रुळावरून सुटून आडवं होणं हा सगळ्यांत वाईट प्रकार. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, हे व्हायला हवं.

हे सदर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी मधेच दोन गोष्टी. सोसायटीच्या गेटला ॲप लावायचा विचार असेल तर बैठकीत आधी एवढंच विचारा, की ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही ते आत कसे येणार. घरकामाच्या बायका, सिलिंडर आणणारा, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी. याचं उत्तर ठरल्याशिवाय ठराव मांडू नका. आणि गेट उघडणारा फोन हरवला तर तो किल्ली हरवल्यासारखाच धरा. त्याच दिवशी मशीनमधून तो नंबर काढा, ॲपमधून त्या फोनला बाहेर करा आणि पोलिसांत तक्रार देऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो हँडसेट बंद करून घ्या.

आता तुमचा पहिला प्रश्न, हट्टी माणसाला स्मार्टफोन कसा शिकवायचा. मला वाटतं, गेटसाठी तो शिकवायची गरजच उरलेली नाही. नातवाचे फोटो बघावेत असं त्यांना वाटलं तर ते आपणहून खोकं उघडतील. नाही वाटलं तर तो फोन आईंना वापरू द्या.

अण्णांशी बोलाल तेव्हा फोनवर बोलू नका, घरी जाऊनच बोला. सकाळी ते मोटर सोडवायला निघतील तेव्हा चहाचा कप घेऊन त्यांच्याबरोबर गेटपाशी जा. मोटर कशी सोडवायची हे मला दाखवा, म्हणा. तुम्हाला ते येत नसेल, खरंच येत नसेल, तर शिकून घ्या. मग विचारा, मागच्या वर्षी पडलात ते नेमकं कुठे, पाय कसा सरकला. ते बोलायला लागले की मधे तोडू नका. छोट्या गेटची जागा त्यांनाच ठरवू द्या. भिंत कुठे पोकळ आहे, पावसाचं पाणी कुठून येतं, हे त्यांना ठाऊक आहे.

मिस्ड कॉलचं मशीन बसवाल तर त्यातल्या नंबरांची यादी अण्णांकडे द्या. कुणाचे नंबर घालायचे, कुणाचा कधी काढायचा, हे त्यांनी ठरवावं आणि वहीत लिहून ठेवावं. दूधवाला बदलला, ड्रायव्हर सोडून गेला, की नंबर काढावाच लागतो, आणि तो काढायचं बहुतेक घरांत राहून जातं. त्यांच्या हातून ते राहणार नाही. तुमचाही नंबर त्या यादीत असेल, त्यांनी लिहिलेला.

गणपतीला घरी जाताना त्या किल्लीच्या दोन नकला करून घेऊन जा. किल्लीवर बहुधा नंबर असतो, तो अण्णांकडून फोनवर विचारून घ्या. तेवढ्यावर नाही मिळाली तर मोटर विकणाऱ्याकडे मागा. एक नक्कल आईंच्या देवघराच्या खणात ठेवा, एक शेजाऱ्यांकडे द्या, आणि मोटर कशी सोडवायची हे त्या दोघांनाही अण्णांनाच दाखवायला सांगा. अस्सल किल्ली खिशातच राहू द्या.